फत्तेमारीतली ‘फत्ते’ कुठून आली?

एका वाचकाने विचारलं आहे: कोकणातल्या जुन्या मालवाहू शिडाच्या जहाजाला फत्तेमारी म्हणतात, ते ‘फत्ते मारणारी’ म्हणून का? ती आरमारातली लढाऊ नौका होती का? आणि गलबत, मचवा, शिबाड, फत्तेमारी यांत फरक काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आपण मराठीत मोहीम फत्ते करतो, किंवा ती फत्ते होते. ‘फत्ते मारली’ असं कुणी म्हणत नाही. मारायची असते ती मजल, फेरी, पल्ला. म्हणजे ‘मारी’ हा भाग लांबच्या वाटचालीशी जुळतो, विजयाशी नाही. मूळ शब्द प-चा आहे: पत्तेमारी. मल्याळममध्येही पत्तेमारीच म्हणतात. 1960च्या आसपास केरळातून आखातात चोरून जाणारी माणसं ज्या जहाजांत बसली, त्यांना तिकडे हेच नाव आहे. पोर्तुगिजांनी हा शब्द उचलला तो ‘पातामार’ असा, तिथेही प-च.

खरी गंमत पुढे आहे. 16व्या शतकातल्या पोर्तुगीज इतिहासलेखनात पातामार म्हणजे जहाज नव्हेच, माणूस आहे. कण्णूरच्या किल्ल्यात कोंडीत सापडलेला पोर्तुगीज अधिकारी व्हॉइसरॉयकडे पातामारांच्या हाती निरोप धाडतो, आणि लिहिणारा खुलासा करतो की हे लोक जमिनीवरून लांबलांबचे प्रवास करतात. म्हणजे आपला काशीद, आपला जासूद. 1886च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही या शब्दाचे दोन अर्थ दिलेत, आधी पायी धावणारा जासूद आणि मग पश्चिम किनाऱ्यावरचं शिडाचं जहाज. आता पहिलं पद ‘पत्ता’ म्हणजे खबर धरायचं की ‘पथ’ म्हणजे वाट, यावर वाद घालता येतो. मला ‘पत्ता’ जवळचा वाटतो, कारण ‘पत्ते’ हे रूप त्यातून सहज निघतं. निरोप नेणाऱ्या माणसाचं नाव निरोप नेणाऱ्या चपळ नावेला मिळालं आणि त्याच नावेत पुढे नारळ, मीठ, भात, कौलं भरली जाऊ लागली, असा हा प्रवास दिसतो. धावणारे जासूद गेले, शब्दातली खबर विसरली गेली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत ओळखीची ‘फत्ते’ येऊन बसली. लोकव्युत्पत्ती अशीच होते.

आरमाराचं म्हणाल तर सभासद बखरीत महाराजांच्या आरमारातल्या जातींची नावं येतात ती गुराबा, तरांडी, तारवें, गलबतें, शिबाडें अशी. गुराब हा अरबी शब्द, अर्थ कावळा. पत्तेमारीची ओळख मात्र व्यापारी जहाज हीच आहे.

आता फरक. इथे निव्वळ कोश उघडून भागत नाही, आणि मला हे कळायला बराच वेळ लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हा माझा रोजचा आधार, पण ‘शिबाड’ काढलं तर तिथे एका विशिष्ट प्रकारचं मोठं जहाज, एवढ्यावर बोळवण होते. कुठला प्रकार? ते सांगायला जहाजाच्या अंगाला टेप लावणारा माणूस लागतो. त्रिंकोमालीच्या गोदीतला जहाजबांधणीचा मुख्य कारागीर जॉन एडाय याने 1834 साली मलबार, कोरोमंडल आणि सिंहल किनाऱ्यांवरच्या नावांची मापं छापली. फ्रेंच नौदल अधिकारी पारी याने 1840च्या दशकात आशियाई नावांचे आराखडे प्रसिद्ध केले, आणि 1920 साली जेम्स हॉर्नेलने भारतीय नावांच्या घडणीवर लिहिलं. एडाय सांगतो की मोठी पत्तेमारी साधारण दोनशे टनांची, आणि तिची नाळ इतकी पुढे झुकलेली की लांबीला जवळजवळ पठाणाएवढी भरते. (नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पठाण म्हणजे तळाचा कणा. हे दोन्ही शब्द जपण्यासारखे आहेत.) फळ्या सागाच्या, तळाला चुना आणि खोबरेल तेलाचा लेप. ही लांब झुकलेली नाळ म्हणजे पत्तेमारीची सही. उलट कोटिया या दुसऱ्या जातीच्या शिडाच्या जहाजाची ओळख मागून पटते: चौकोनी, कोरीवकाम केलेली पिछाडी, आणि पुढे नाळेच्या टोकाला पोपटाच्या चोचीसारखा आकार.

थोडक्यात, ही नावं आकारमानाची उतरंड नाहीत. मचवा हा मुळात मासे पकडणाऱ्यांचा, मच्छशी नातं सांगणारा. पुढे तो माल वाहू लागला आणि आज गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचलाही लोक मचवाच म्हणतात. गलबताचं उलटं झालं. 18व्या शतकात ते चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, हलक्या तोफांचं लढाऊ जहाज होतं. आता कोकणात शिडाच्या कुठल्याही मोठ्या मालवाहू जहाजाला ते नाव चालतं. शिबाडाला जुन्या वर्णनांत कधी कधी ‘मोठी पत्तेमारी’ म्हटलेलं सापडतं.

माझ्या आजोळी वेंगुर्ल्याला पडवीचं छप्पर उतरवलं तेव्हा एक कौल मी उलटं करून पाहिलं. मागे बासेल मिशनचा छाप आणि 1865 हे साल, म्हणजे मंगळुरात या मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते वर्ष. शेजारचे म्हातारे तांडेल तिथेच बसले होते. मी म्हटलं, “काका, ही फत्तेमारीतून आली असतील ना?” ते म्हणाले, “फत्तेमारी न्हय रे, पतेमारी. आगोटीच्या आधी शेवटची खेप कौलांचीच असायची.” त्यांच्या तोंडी ‘फ’ नव्हता. कोशातला तर्क मला त्या दिवशी कानाने ऐकू आला.

लिहिताना काय करावं? ‘फत्तेमारी’ रूढ आहे, ते चूक म्हणून खोडू नये. पण व्युत्पत्ती सांगताना ‘पत्तेमारी’ द्यावं. शब्द स्त्रीलिंगी: ती पत्तेमारी, त्या पत्तेमाऱ्या. मचवा पुल्लिंगी, गलबत आणि शिबाड नपुंसकलिंगी, म्हणून अनेकवचनात मचवे, गलबतं, शिबाडं.