बेनओनी की बन्यामीन?

"ताई, माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली. बाळ सुखरूप आहे, महिन्याचं झालं, आईकडेच आहे. भाऊजींनी फोनवर सांगितलं की नाव बन्यामीन ठेवायचं. आईने शास्त्र उघडून राहेलच्या मरणाचा भाग काढला आणि त्या पानाला केसातली पिन लावून ठेवलीय. म्हणते, 'माझ्या लेकीच्या मौतीवरून पोराला नाव नको.' दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात आहे. हे नाव खरंच अपशकुनी आहे का?
– मधे सापडलेली मावशी"

सप्रेम सलाम. तुमचं पत्र दुपारी आलं, पण संध्याकाळपर्यंत मला काही लिहवलं नाही.

पिन लावलेलं पान म्हणजे बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 35वा अध्याय. बेथेलहून निघालेली याकोबाची मंडळी एफ्राथच्या, म्हणजे बेथलेहेमच्या, वाटेवर आहेत. गाव थोडंसंच राहिलंय आणि त्याची बायको राहेल अडते. सुईण तिला म्हणते, भिऊ नको, हाही मुलगाच आहे. (त्या सुईणीचं मला नेहमी वाईट वाटतं. दुसरं काय बोलणार होती ती?) जीव जाता जाता राहेल बाळाला बेनओनी म्हणते, माझ्या दुःखाचा मुलगा. इथपर्यंत आईंचं बरोबर आहे. पण ते वचन पुरतं वाचा. त्यातच पुढे आहे की बापाने त्याला बन्यामीन म्हटलं. म्हणजे आईंना ज्याची धास्ती वाटते ते नाव बेनओनी. भाऊजी म्हणताहेत ते, बापाने पोराच्या माथ्यावरून दुःख उतरवलं ते.

हे लहानसहान नव्हतं. त्या घरात मुलांची नावं ठेवायच्या याकोबाच्या दोघी बायका, लेआ आणि राहेल, अगदी दासींच्या मुलांचीसुद्धा. याकोब त्यात पडल्याचं दिसतं ते या शेवटच्या मुलाच्या वेळी.

बेन म्हणजे मुलगा, यामीन म्हणजे उजवा हात, म्हणजे बळाचा आणि मानाचा. यामीनचा दुसरा अर्थ दक्षिण. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण येते. संस्कृतातल्या 'दक्षिण' शब्दालाही हेच दोन अर्थ आहेत, तेव्हा आपल्याला हे समजावून सांगायला नको. बाकीची भावंडं उत्तरेला पदन-अरामात जन्मलेली, हा एकटा खाली कनानात, म्हणून 'दक्षिणेचा मुलगा' असाही अर्थ काही जण लावतात.

मला पटतो तो अर्थ मात्र 13व्या शतकातल्या रामबान या यहुदी धर्मगुरूंचा. हिब्रूत 'ओन' म्हणजे शोक, आणि 'ओन' म्हणजे जोमसुद्धा. 49व्या अध्यायात मरणशय्येवरचा याकोब थोरल्या रऊबेनाला आपल्या 'ओन'चं पहिलं फळ म्हणतो, ते याच दुसऱ्या अर्थाने. रामबान म्हणतात, याकोबाने राहेलचा शब्द टाकून दिला नाही, त्याची चांगली बाजू वर केली. बायकोचं शेवटचं बोलणं राखलं आणि लेकरालाही जपलं.

पुढे या मुलाच्या पायगुणाने कुणाचं काही वाईट झालं का? बापाने त्याला इतकं जपलं की दुष्काळातही मिसर देशाला पाठवायला तयार होईना. इस्राएलचा पहिला राजा शौल त्याच्याच वंशातला. आईंना बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं वाचायची सवय असेल तर फिलिप्पैकरांना लिहिलेलं काढून द्या, 'मी बन्यामिनाच्या वंशातला' असं तो तिथे मिरवतो. आणि उजव्या हाताच्या या वंशात एहूद नावाचा शूर डावखुरा निघाला, हे आपलं सहज सांगितलं.

तरी खरं सांगू, आईंचं भांडण हिब्रूशी नाहीच. त्यांची लेक गेली आणि जावयाने नाव फोनवर कळवलं. त्यांना कुणी विचारलं का? तुमच्या पत्रात तसं दिसलं नाही. भाऊजींचं दुःख मला कळतं, नाव निवडायचा हक्कही त्यांचा आहे, पण ही रीत चुकली, आणि ती त्यांनीच सुधारायला हवी. त्यांना घरी यायला सांगा. आल्याबरोबर नावाचा विषय नको. आधी गेलेल्या बायकोबद्दल बोलू दे, तिचं नाव घेऊन. अशा घरात ते नाव घ्यायलाच सगळे बिचकतात.

तलमूद या यहुदी धर्मग्रंथात एक जुनी आठवण आहे. बन्यामिनाला दहा मुलगे झाले आणि दहाही नावं त्याने हरवलेल्या भावाच्या, योसेफाच्या, आठवणीत ठेवली. बेला, कारण भाऊ परक्या लोकांत गिळला गेला. हुप्पीम, कारण त्याने माझा लग्नमांडव पाहिला नाही आणि मी त्याचा. दहा पोरांना दिवसभर हाका मारायच्या आणि प्रत्येक हाकेत भाऊ! आईंना वाटतं नावामुळे जखम उघडी राहील. हा माणूस जाणूनबुजून ती उघडी ठेवत होता, आणि त्याचं घर भरलेलं होतं.

घाईचं म्हणाल तर सरकारी कागदासाठी धावपळ नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती राहिली असेल तर आधी ती करून घ्या. ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. बाप्तिस्माही महिनाभर पुढे गेला तर पाळक समजून घेतील.

आणि एक तुम्ही लिहिलं नाहीत. नाव ठेवलेलं नाही, तर हा महिनाभर आजी त्या बाळाला काय म्हणून हाक मारतेय? भाऊजी आले की त्यांना ते आधी ऐकू द्या.