ठेचा परत ताटात येऊ द्या

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. वर्षभरापासून गालावर, कपाळावर मुरूम. सासूबाई म्हणतात, "रगत तापलं पोरीचं." म्हणून ठेचा, वांगं, शेंगदाणे सगळं बंद केलं. शिकवणीला तालुक्याला जाते, पण डब्यात भाकर न्यायला लाजते. मेडिकलवाल्यानं दिलेल्या मलमानं आठ दिवस चेहरा उजळला, मग दुप्पट आले. आणखी काय बंद करू?
— एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, आता काहीच बंद करू नका. माझ्या दहावीला आजीनं माझंही तिखट तोडलं होतं. कापसाची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, मुरूम जागच्या जागी! मिरची-वांग्यावर ठपका ठेवावा असा भक्कम पुरावा नाही.

मला खटकलं ते वेगळंच. डबा नेत नाही, तर पोरगी खाते काय? दवाखान्यात येणाऱ्या शिकवणीच्या पोरींना मी सकाळपासूनचं विचारते. चहा-टोस्ट, स्टँडवर आलूबोंडा, दुपारी क्रीमचं बिस्कीट नि कोल्ड्रिंक, घरी आल्यावर परत चहा. साखर-मैद्यानं रक्तातली साखर भरकन चढते, इन्सुलिन वाढतं, त्याच्या जोडीनं वाढीची संप्रेरकंही जोर धरतात. कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं तुंबतात. ऑस्ट्रेलियात २००७ साली १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर अभ्यास झाला. ज्यांनी १२ आठवडे असं खाणं कमी केलं, त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त घटले. अभ्यास लहानसा आहे, पण आपल्या भाकर-वरणाच्या बाजूचा आहे. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी द्या. भाकरीची लाज वाटत असेल तर तिचाच गुंडाळून रोल करा. माझी भाची तसाच नेते. दुधाचा थोडा संबंध दिसतो, पण पक्का नाही. वाढत्या पोरीचं कपभर दूध तोडू नका, त्यातली साखर मोजा.

नुसत्या खाण्यानं मात्र सगळं जाणार नाही. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नसतात. साध्या मुरुमांना २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल चालतं. रात्री पातळ थर लावायचा, फरक पडायला दोन-तीन महिने जातात. उशीला जुनी खोळ घाला, रंगीत कापडावर पांढरे डाग पडतात. पाळी दोन-तीन महिने चुकत असेल, ओठावर-हनुवटीवर राठ केस येत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता ते मलम. आधी उजळणं आणि मग दुप्पट येणं, यावरून मला स्टेरॉइडचा संशय येतो. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. असेल तर ते मुरुमाचं औषध नाही. त्यानंच मुरूम येतात, कातडी पातळ होते. खूप दिवस लावून एकदम सोडलं की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच थांबवा. जाताना ती ट्यूब सोबत न्या, रिकामी झाली असली तरी.