लिस्टेड पबच्या आतल्या काचा काढल्या. काउन्सिलचं पत्र आलंय

प्रश्न: बर्मिंगहॅममध्ये आम्ही नवरा-बायकोने एक व्हिक्टोरियन पब लीजवर घेतलाय. इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे सरकारच्या संरक्षित वारसा-इमारतींच्या यादीत आहे. यादीतल्या नोंदीत फक्त बाहेरच्या बांधकामाचं वर्णन होतं, म्हणून आत बदल चालतील असं वाटलं. जेवणाची टेबलं मावावीत म्हणून स्नगचं (पबमधल्या छोट्या आडोशाच्या खोलीचं) लाकडी पार्टिशन आणि काउंटरवरच्या नक्षीदार काचेच्या झडपा काढल्या. सगळं सामान मागच्या अंगणात आहे. आता काउन्सिलने चौकशीला बोलावलंय. काय करावं?

उत्तर: ताई, आधी सुताराला थांबवा आणि अंगणातलं सामान आजच कोरड्या जागी आत घ्या. बिजागऱ्या, स्क्रू, मोडक्या पट्ट्यासुद्धा. कुठली काच कुठून निघाली त्याच्या खुणा करा, फोटो काढा. अशा काचांना जुन्या सामानाच्या बाजारात गिऱ्हाईक असतं; कुणी कितीही पैसे देऊ केले तरी विकू नका. मूळ तुकडे हाताशी आहेत, ही तुमची सगळ्यांत भक्कम बाजू आहे.

नोंदीवरून तुमचा झाला तसा गैरसमज अनेकांचा होतो. जुन्या नोंदी बहुतेक इमारत ओळखता यावी एवढ्यापुरत्याच लिहिलेल्या असत. इंग्लंडच्या १९९० च्या कायद्याने लिस्टेड इमारत आतून-बाहेरून, पक्क्या जडवलेल्या वस्तूंसकट संरक्षित असते. एखादा भाग वगळल्याचं नोंदीत स्पष्ट लिहिलं असेल तरच तो सुटतो, आणि ही सोय २०१३ च्या कायद्याने आली. तुमची नोंद त्याआधीची असेल तर तो मार्ग बंद समजा.

इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लागेल असं काम परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दंडाला वरची मर्यादा नाही. 'माहीत नव्हतं' हा बचाव होत नाही, फार तर शिक्षा ठरताना त्याचा उपयोग होतो. काम करणारा आणि करवून घेणारा दोघंही अडकतात, म्हणून कंत्राटदाराचा आणि तुमचा वकील एक नको. पत्रात 'अंडर कॉशन' (म्हणजे गुन्ह्याच्या संशयावरून इशारा देऊन घेतलेली चौकशी) असे शब्द असतील तर तिथे बोललेलं पुढे पुराव्यात येतं. वकिलाशिवाय जाऊ नका. पण पत्राला उत्तर मात्र वेळेत द्या.

आता या काचांविषयी थोडं सांगतो, कारण प्रकरण त्यांच्यावरच फिरणार आहे. त्यांना स्नॉब स्क्रीन म्हणतात. डोळ्यांच्या उंचीवर बसवलेल्या या झडपा फिरवून पेय मागवायचं आणि पुन्हा बंद करायच्या, म्हणजे काउंटरपलीकडच्यांना आपला चेहरा दिसत नाही. त्या काळातला वर्गभेद त्या लाकडात आणि काचेत जसाच्या तसा उरलाय. आता त्या फार थोड्या पबमध्ये शिल्लक आहेत. तुमच्याच शहरात ॲस्टनच्या १९०१ सालच्या बार्टन्स आर्म्समध्ये त्या आहेत, आणि तो ग्रेड टू स्टार आहे, म्हणजे तुमच्या ग्रेड टूच्या एक पायरी वर. लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक या पबला २०२० साली ग्रेड वन, म्हणजे सगळ्यांत वरचा दर्जा मिळाला, त्यात आतल्या सजावटीचा मोठा वाटा होता. कॅमरा ही पारंपरिक बिअर आणि पब जपण्यासाठी झटणारी संस्था १९९१ पासून अशा पबांची यादी करते आहे. त्या यादीला कायद्याचं बळ नाही, पण तुमचा पब तिच्यात असेल तर काउन्सिलची भूमिका आणखी कडक होईल.

माझं स्पष्ट मत: पार्टिशन आणि काचा परत बसवा, पण काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरशी (जुन्या वास्तूंचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी) पद्धत लेखी ठरवूनच. काढलेलं तसंच ठेवण्यासाठी नंतर परवानगी मागता येते, अर्जाला फीही नाही; पण ती मिळाली तरी आधीचा गुन्हा पुसला जात नाही, आणि अशा कामाला ती मिळेल असं मला वाटत नाही. तुमचं गिऱ्हाईक कुटुंबं घेऊन येणारं असेल, तर स्नगमध्ये चार-सहा जणांनी मिसळ खायला बसणं त्यांना आवडेलच.

एन्फोर्समेंट नोटीस (बिनपरवाना बदल दुरुस्त करण्याचा काउन्सिलचा आदेश) आली तर ती लागू होण्याच्या तारखेआधीच अपील करावं लागतं; किमान २८ दिवस मिळतात. ही नोटीस काढायला काउन्सिलला मुदतीचं बंधन नाही आणि ती जागेला चिकटते. त्यामुळे आधीच्या भाडेकरूने काही मोडलं असेल तर तेही तुमच्याकडे येऊ शकतं. लीज घेतानाचे आतले फोटो शोधून ठेवा. शिवाय लीजमधलं बदलांचं कलम आणि दारूच्या परवान्याला जोडलेला नकाशा काढून बघा: घरमालकाची संमती घेतली नसेल आणि आतली रचना नकाशाशी जुळत नसेल, तर ही दोन प्रकरणं वेगळी उभी राहतील. ते कागद चौकशीच्या आधी वकिलाच्या हाती द्या.