पट 31 झालाय, मुलीला त्या शाळेत घालू का?

प्रश्न : ताई, आम्ही मालवण तालुक्यातले. वाडीपासून साकव ओलांडला की चर्चची शाळा, पहिली ते चौथी, मराठी माध्यम, अनुदानित. मी तिथेच शिकले. आता पट 31 वर आलाय, सगळे इंग्लिश मिडियमच्या व्हॅनमध्ये पोरं बसवतात. सासूबाई म्हणतात तिथे प्रार्थना करायला लावतील, आणि शाळा बंद पडली तर? लेक जूनमध्ये पहिलीला जाणार. काय करू?

उत्तर : घाल गं, पण आधी एक दिवस वर्गात जाऊन बसून ये.

सासूबाईंना सांग, सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं कलम 28 आहे ते. आणि अनुदानित शाळा धर्म किंवा जात बघून प्रवेश नाकारूही शकत नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची 25 टक्के राखीव जागांची लॉटरी इथे शोधू नकोस, 2014 ला सुप्रीम कोर्टाने चर्चच्या शाळेसारख्या अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असं सांगितलंय, सरळ शाळेत जाऊन फॉर्म भरायचा.

आता पटाचं. भीती खरी आहे, खोटं कशाला सांगू, शाळेला किती शिक्षक मंजूर ते सरकार दरवर्षी ठरवतं, त्या संचमान्यतेत शिक्षकांची पदं पटावरच ठरतात आणि पट धरतात 30 सप्टेंबरचा. म्हणून 'बघू, दिवाळीनंतर घालू' असं करू नकोस, जूनलाच नाव घाल आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख दाखल्याशी जुळते का ते आत्ताच बघ, नाहीतर पोर वर्गात बसलेली असते पण मोजणीत येत नाही, मला ह्याचं फार वाईट वाटतं.

मी अशाच एका छोट्या शाळेत बसले होते, पहिली-दुसरी एकत्र, बाई फळ्यावर दुसरीची वजाबाकी घालत होत्या आणि पहिलीची सहा पोरं जमिनीवर चिंचोके दहा-दहाचे मांडत होती, एकाचे नऊच झाले तर बाईंनी मान वळवून फक्त 'परत मोज' म्हटलं. चाळीस मिनिटांच्या व्हॅनच्या प्रवासाने दमलेल्या पोरीला हे कुठे मिळणार? इंग्रजीची काळजी असेल तर मुख्याध्यापकांना विचार, पहिलीपासून विषय आहेच, कोण शिकवतं आणि वाचून घेतात का ते बघ. शिक्षक किती आहेत, कोणी निवृत्तीला आलंय का हेही विचार, संकोच करू नकोस.

आणि शेजारच्या दोन आयांना सोबत ने. 31 चे 34 होतील.