शनिवारची आई आणि मंगळवारची आई

ह्यूस्टनहून एका वाचकाचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा त्यांच्याच शब्दांत देते.

"आई अठ्ठ्याहत्तरची. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी दादा-वहिनी तिच्याजवळ असतात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. शनिवारी रात्री दहाला मी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा ती मला नावाने हाक मारते, नातवंडांची चौकशी करते. परवा तर आंब्याची आढी कशी लावायची ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. फोन ठेवला की वाटतं, डॉक्टरच चुकले. मग मंगळवारी सकाळी आठला ऑफिसच्या वाटेवर फोन लावावा, तर 'तुमी कोण?' विचारते, रडते, 'माका घराक जावचा आसा' म्हणते. पुढचे चार दिवस माझं कशातच लक्ष लागत नाही. वहिनी जे सांगतात त्यावर विश्वास बसत नाही, दोनदा त्यांना वाकडं बोललो. इथल्या नव्या इंजेक्शनांबद्दल वाचलंय. तिकडच्या एका क्लिनिकने स्टेम सेलचा खर्चही कळवलाय. आईला इकडे आणू का? मी राहतो अंतराळवीरांच्या गावात, पण अंतराळात गेलीय ती आई. सिग्नल येतो, तुटतो, परत येतो. आशा धरू की सोडू?"

आधी घड्याळ बघा.

तुमचे शनिवारी रात्रीचे दहा म्हणजे देवगडात रविवारी सकाळचे साडेआठ. थंडीत तुमची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. आई झोपून उठलेली, न्हालेली, पेज प्यालेली. वहिनींनी वेणी घालून तिला पडवीत उजेडात बसवलेली. आणि तुमचे मंगळवारी सकाळचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा. दिवेलागण. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या पुष्कळ माणसांची घालमेल नेमकी तिन्हीसांजेला वाढते. दिवसभराचा शीण असतो, उजेड कमी झालेला, भिंतीवर सावल्या, आणि झोपेजागेचं आतलं घड्याळही बिघडलेलं. स्वतःच्या घरात बसून "घरी जायचंय" म्हणणं हे तर या वेळेचं ठरलेलं वाक्य. तुमची शनिवारची आई आणि मंगळवारची आई ही एकाच दिवसाची दोन टोकं आहेत. मधल्या तीन दिवसांत तिला बरंही वाटलं नव्हतं आणि ती ढासळलीही नव्हती.

आढीचंही तसंच. या आजारात नव्या आठवणी साठवण्याचं काम आधी बिघडतं, पन्नास वर्षं हातांनी केलेलं खूप उशिरापर्यंत टिकतं. खाली पेंढा, वर आंबे, देठ कुठे, फिरवायचे कधी, हे ती सांगू शकेल आणि सकाळी पेज प्याली की नाही हे सांगू शकणार नाही. दोन्ही खरं असतं. पहिल्यावरून दुसरं खोटं ठरवायला गेलात की वहिनी खोट्या पडतात.

यावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी हेच केलंय. मस्कतला होते तेव्हा. बाबा वेंगुर्ल्याला, धाकट्या काकीच्या हवाली. माझा फोन शुक्रवारी सकाळी, सुट्टीचा. बाबा छान बोलत. काकी म्हणायची, "गो, रात्री चार वेळा उठतत, दार उघडूक बघतत." मी तिला म्हटलं होतं, "काकी, तुला जड होत असेल तर तसं सांग ना." पुढे रजेवर आले तेव्हा काकीचं काम बघितलं. फोन वाजला की ती बाबांचा चष्मा पुसून घालायची, कानाशी मोठ्याने सांगायची, "मस्कताहून फोन, तुमच्या लेकीचो," आणि मग फोनच्या मागे उभी राहून ओठांनी नातीचं नाव पुरवायची. मला पडद्यावर फक्त बाबा दिसत होते. दहा मिनिटांच्या त्या चांगल्या बाबांमागे काकीची अर्ध्या तासाची मेहनत होती, आणि मी ती तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरत होते.

त्याच रजेत एका संध्याकाळी बाबा घरातून नाहीसे झाले. बंदरावर सापडले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, मुंबईच्या बोटीची वाट बघत. प्रवासी बोट बंद होऊन कैक वर्षं लोटलेली. मी शहाणपणाने सगळं समजावलं: बोट बंद झाली, आता रेल्वे आहे, आई वारली, मुंबईची खोली विकली. बाबा लहान मुलासारखे रडले. आईच्या जाण्याची बातमी त्यांच्यासाठी तेव्हा ताजी होती. काकी मागून धापा टाकत आली, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाली, "आगोट इली भावोजी, बोट बंद झाली. आता नारळी पुनवेनंतर." बाबांनी मान डोलावली. पावसाळ्यात बोट बंद असायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पिशवी काकीच्या हातात दिली आणि चालू लागले.

म्हणून तुमच्या अंतराळाच्या उपमेत एक दुरुस्ती करते. अंतराळस्थानक डोक्यावर सुमारे ४०० किलोमीटर असतं; देवगडहून मुंबईला रस्त्याने जायचं तर त्याहून थोडं जास्तच पडतं. तिथले अंतराळवीरही घरच्यांशी आठवड्याला पडद्यावर बोलतात. पण त्यांची तब्येत कशी आहे हे कुणी त्या कॉलवरून ठरवत नाही. ते जमिनीवरच्या मिशन कंट्रोलमधली रोज नोंद ठेवणारी माणसं ठरवतात. तुमच्या आईचं मिशन कंट्रोल ह्यूस्टनला नाही, तुमच्या माजघरात आहे. ते म्हणजे वहिनी, आणि तुम्ही त्यांना वाकडं बोललाय. पहिला फोन तिथे. माफी मागा, पैशांचा विषय त्याच फोनवर काढू नका.

आता इंजेक्शनं. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. दोन्ही औषधं मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन कमी करतात. लेकानेमॅबच्या चाचणीतला "२७ टक्के" हा आकडा तुम्ही वाचला असणार. तो सुधारणेचा नाही. १८ महिन्यांत दोन्ही गटांची घसरण झालीच, औषध घेणाऱ्यांची २७ टक्क्यांनी कमी झाली. आठवण आणि रोजचे व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. औषध आहे तेही अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी. आधी अमायलॉइड असल्याची खात्री करायची, मग शिरेतून औषध, पुन्हा पुन्हा एमआरआय, कारण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. संध्याकाळी मुलाला न ओळखणारी आई बहुधा त्या टप्प्याच्या पुढे गेलेली असते. स्टेम सेलवाल्यांना तर उत्तरही देऊ नका. अल्झायमरवर स्टेम सेलचा उपचार सिद्ध झालेला नाही. भारतातल्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य चाचणीबाहेर असा उपचार विकताही येत नाही. क्लिनिकने खर्चाचा आकडा मात्र लगेच कळवला, हेही लक्षात घ्या.

आईला ह्यूस्टनला नेण्याबद्दल: नको. घराची ओळख हीच तिची उरलीसुरली काठी आहे. अंधारातसुद्धा मोरीकडे पाय आपोआप जातात ते त्या घरात. तुमच्या अपार्टमेंटमध्ये मंगळवारची संध्याकाळ रोज उगवेल. वर अमेरिकेत येणाऱ्या पाहुण्यांच्या आरोग्यविम्यात आधीपासूनचा आजार सहसा बसत नाही.

आशा कशावर धरायची ते विचारलंत म्हणून सांगते. अल्झायमर हटत नाही, पण त्याच्यावर चढलेलं बरंच काही उतरवता येतं. बी-१२ आणि थायरॉईड दोन वर्षांत पुन्हा तपासले का? कानात मळ आहे का, मोतीबिंदू आहे का? ऐकू न येणारं माणूस अर्धं हरवल्यासारखंच वागतं. झोपेची, सर्दीची, लघवीच्या त्रासाची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. यातल्या काही गोळ्यांनी गोंधळ वाढतो. आणि कधी एक-दोन दिवसांत एकदम बिघडली, झोपाळू झाली, नसलेली माणसं दिसायला लागली, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, छातीतला कफ, सोडियम कमी होणं, साधा चारचार दिवसांचा बद्धकोष्ठ, यांतलं काहीतरी निघतं आणि उपचाराने माणूस पुष्कळ सावरतं. अल्झायमरवरच्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनीही काहींना थोडा काळ थोडा फायदा होतो. मेंदूविकारतज्ज्ञाला वर्षातून एकदोनदा दाखवायला बहुधा कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ गाठावं लागेल. गाडीचं भाडं तुमचं, रजा दादाची.

वहिनींनी देवळात कौल लावला म्हणून तुम्ही पत्राच्या शेवटी चिडलात. लावू दे. रात्रभर जागणाऱ्या बाईला गाऱ्हाणं घालायला कुणीतरी हवंच. फक्त भगताच्या सांगण्यावरून औषध बंद होऊ नये आणि आईला धुरी देणं वगैरे होऊ नये, एवढं दादाशी बोलून ठेवा. परड्यातल्या विहिरीवर जाळी आहे का तेही विचारा. दुकानदार, रिक्षावाले, शेजारचे यांना आजार सांगून ठेवायला हवा. घरातली गोष्ट घरात ठेवण्याच्या हट्टापायी माणसं खाडीपर्यंत पोचतात.

कागदांचं थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रच संपतं. "चांगल्या दिवशी सही घेऊ" हा विचार तुमच्या मनात येईल. सामाईक सातबारा असलेल्या घरात तर नक्कीच येईल, आणि तुमच्या नाही आला तर चुलत्यांच्या येईल. शनिवारच्या आईची सही मंगळवारची आई कोर्टात टिकवू शकत नाही. तिला अजून व्यवहार समजतो का, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. समजत नसेल तर वकिलाला गाठून न्यायालयामार्फत पालक नेमण्याची वाट विचारा. अंगठा घेऊ नका.

आणि वहिनींची झोप. आठवड्यात निदान तीन रात्री मदतीला बाई ठेवा, पगार तुमचा, निवड वहिनींची. वर्षात एक महिना तुम्ही जा आणि वहिनींना माहेरी पाठवा. तो महिना गणपतीचा नको. तेव्हा घरात वीस माणसं, आरत्या, टाळ, आणि येणारा प्रत्येकजण आईसमोर वाकून "वळाखलंस काय गे माका?" विचारणार. परीक्षाच ती, रोज वीसदा नापास व्हायची. जानेवारीत जा, कलमं मोहरलेली असतात, घर शांत असतं. दारातूनच सांगा, "आये, मी इलंय," आणि तुमचं नाव घ्या. तिने काही म्हणायची वाट बघू नका.

मंगळवारचा फोन बंद करा. आईचा फोन शनिवारी रात्री दहालाच ठेवा. प्रश्न विचारायचे नाहीत, आढीचं बोला, वायंगणी भातशेतीचं बोला, ती त्याच त्या गोष्टी सांगेल त्या ऐका. जेवत असेल आणि घास पडद्यापुढे धरून "जेव रे" म्हणाली, तर तोंड उघडा. आधी मात्र वेगळा फोन वहिनींना. आई परसाकडे जाऊन आली का, रात्री किती वेळा उठली, आणि त्या स्वतः किती झोपल्या, एवढंच विचारा आणि वहीत लिहून ठेवा.