शर्मिष्ठेतल्या आरझेडच्या लाटा पुसू नका

तुमचा प्रश्न असा आहे: शर्मिष्ठा तारकासमूहातल्या आरझेड या ग्रहणकारी जोडताऱ्याच्या (एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांच्या) प्रकाशवक्रात, म्हणजे वेळेनुसार तेजाच्या आलेखात, ग्रहण नसतानाही बारीक लाटा दिसतात, तर तो कॅमेऱ्याचा दोष समजून सरासरी काढून त्या घालवाव्यात का? कृपया घालवू नका. आधी लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचा वेळ मोजा. तो २२ मिनिटांच्या आसपास भरला, तर तुम्ही ताऱ्याचं स्पंदन, म्हणजे त्याचं तालात फुगणं-आकसणं, टिपलं आहे, आणि लहान दुर्बिणीतून हे साधणं खरोखर कौतुकाचं आहे.

या जोडीतला तेजस्वी तारा ए वर्गाचा, म्हणजे तप्त पांढरा, सूर्याच्या साधारण दुप्पट वस्तुमानाचा. त्याचा थंड, फुगलेला सोबती सुमारे २८ तास ४१ मिनिटांनी त्याच्या आड येतो आणि जोडीचं तेज ६.२ प्रतीवरून ७.७ प्रतीपर्यंत उतरतं (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). दीड प्रतीच्या या खड्ड्याशेजारी एक-दोन शतांश प्रतीची लाट सहज नजरेतून सुटते. म्हणूनच ग्रहणं कित्येक दशकं ठाऊक असूनही स्पंदन हाती आलं ते १९९०च्या दशकाच्या शेवटी, जपानी निरीक्षकांना.

धडधडतो तो तेजस्वी तारा, डेल्टा स्क्युटी नावाच्या झपाट्याने स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकारातला. त्याच्या बाहेरच्या भागात हेलियमचा एक थर झडपेसारखा वागतो: दाबला गेला की उष्णता अडवतो, फुगला की सोडून देतो. शिवाय सोबत्याकडून वायू ओघळून याच ताऱ्यावर पडत असतो. आरझेडच्या लाटांची उंची काही वर्षांच्या अंतराने बदललेली आढळली आहे, आणि त्यामागे हा वायूचा ओघ असावा असं मानतात. त्यामुळे तुमची या हंगामातली मोजणी जुन्या नोंदींची नक्कल ठरत नाही.

असे तारे मला इतके प्रिय का, तेही सांगतो. एकट्या स्पंदणाऱ्या ताऱ्याचं वजन करायला काटाच नसतो. ग्रहणकारी जोडीत मात्र वर्णपटावरून वेग मिळतो, ग्रहणावरून कक्षेचा कल आणि त्रिज्या मिळतात, की न्यूटनच्या नियमांनी वस्तुमान हातात. सेफीड या स्पंदणाऱ्या तेजस्वी ताऱ्यांबाबत कित्येक वर्षं एक वाद अडून बसला होता. ताऱ्यांच्या उत्क्रांतीची गणितं जे वस्तुमान सांगत, ते स्पंदनाच्या गणितापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी जास्त यायचं. चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून चालणाऱ्या ओगल या आकाश-सर्वेक्षणात मोठ्या मॅगेलनी मेघातला (आपल्या शेजारच्या लहान दीर्घिकेतला) ०२२७ क्रमांकाचा सेफीड सापडला: स्पंदन ३.८ दिवसांचं, कक्षा ३१० दिवसांची, आणि ग्रहणंही होतात! २०१० साली त्याचं वस्तुमान ४.१४ सूर्य इतकं जाहीर झालं, चूक जेमतेम एक टक्का. कौल स्पंदनाच्या बाजूने लागला. सेफीडांवर विश्वातली अंतरं मोजली जातात, म्हणून हा निकाल एका ताऱ्यापुरता नव्हता.

दोनच वर्षांनी त्याच सर्वेक्षणातल्या एका ताऱ्याने चकवा दिला. तो आरआर लायरी या म्हाताऱ्या स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकारासारखा स्पंदत होता, पण जोडीच्या गणितातून वस्तुमान निघालं अवघं ०.२६ सूर्य. सोबत्याने त्याचे बाहेरचे थर ओरबाडून नेले होते. जोडी नसती तर तो आरआर लायरी म्हणूनच खपला असता.

आता तुमच्या आकड्यांकडे. ज्याच्याशी आरझेडचं तेज ताडून पाहता, त्या तुलनेच्या ताऱ्याविरुद्ध तिसरा एखादा ताराही मोजा. त्यातही तशाच लाटा आल्या, तर दोष आकाशाचा किंवा उपकरणाचा. दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटच्या वर्म गिअरचा (मळसूत्री दातेचाकाचा) आवर्तकाळ, म्हणजे एका फेरीचा वेळ, हाही तपासा. तारा पिक्सेलवर मागेपुढे सरकतो तेव्हा खोट्या लाटा हमखास उठतात. महाराष्ट्रातून आरझेड उत्तरेला जेमतेम ४० अंश चढतो, डिसेंबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास. तो खाली उतरताना वातावरणामुळे वक्र संथपणे कलतो, पण २२ मिनिटांची लाट त्यातून येत नाही. दोन मोजण्यांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको.

आवर्तकाळ शोधण्याआधी ग्रहणाचा वक्र वजा करा, नाहीतर कक्षेच्या वारंवारता सगळा आलेख व्यापतील. वेगवेगळ्या महिन्यांतल्या रात्री जोडताना वेळा सूर्यकेंद्री, म्हणजे सूर्यावरून पाहिल्यासारख्या, करून घ्या. पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याने प्रकाश पोहोचायला काही मिनिटांचा फरक पडू शकतो, आणि २२ मिनिटांच्या लाटेत तेवढ्याने माथा जागेवरून बराच सरकतो.

एखादी रात्र मुख्य ग्रहणासाठीही ठेवा. तारा अर्धवट झाकला जात असताना लाटांची उंची आणि वेळ कशी बदलते, त्यावरून त्याच्या पृष्ठभागाचा कोणता भाग कसा हलतो याचा अंदाज बांधता येतो. मूळ प्रतिमा जपून ठेवा आणि तिसऱ्या ताऱ्याचा वक्र इथे टाका, मी नक्की पाहतो.