कोर्टाच्या निकालांची यादी विकत घेऊन वसुलीची कामं मिळतात का?

तुमचा प्रश्न: मुंबईत वसुलीचा व्यवसाय सुरू करतोय, पैशाचा दावा जिंकलेल्या लोकांची यादी फोन नंबरसकट विकत मिळतेय, घ्यावी का आणि किती नावांपासून सुरुवात करावी?

घेऊ नका.

एवढंच लिहून थांबलो असतो. पण अशीच यादी २०१९ साली मी घेतली आहे, आणि तिच्यापायी माझं नि माझ्या साडूचं बोलणं लग्नाकार्यात ‘जेवलात का’ एवढ्यावर आलंय. त्यामुळे जरा सविस्तर.

मी अकरा वर्षं एका वकिलांकडे कारकून होतो. साडू क्रेडिट कार्डाच्या वसुलीच्या कॉल सेंटरात. दोघांनी मिळून काळाचौकीला एक टेबल भाड्याने घेतलं. साडूचं गणित सोपं होतं: शंभर फोन, दहा भेटी, एक काम. फोर्टातल्या एका झेरॉक्सवाल्याच्या ओळखीने २,८०० नावांची एक्सेल फाइल १२ हजारांना आली. पैसे मी भरले, निम्मे तो नंतर देणार होता.

पहिल्याच दिवशी मुलुंडच्या एका बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘हे गेले चार वर्षांपूर्वी. आणि दावा आम्ही हरलो होतो.’ यादी बनवणाऱ्याने ‘निकाली’ म्हणजे ‘जिंकला’ असं धरलं होतं. कोर्टाच्या दप्तरात निकाली म्हणजे काहीही असू शकतं. फेटाळलेला, मागे घेतलेला, तडजोड झालेला, वादी तारखांना फिरकलाच नाही म्हणून काढून टाकलेला, सगळे निकालीच. पुढे एका गृहस्थांनी अर्धं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘माझ्या केसचं तुम्हाला कसं कळलं? त्याने पाठवलंय ना तुम्हाला?’ हा संशय मला तोवर सुचलाच नव्हता. ज्याचे पैसे बुडालेत त्याला अनोळखी माणूस फोन करून ‘मिळवून देतो’ म्हणाला, तर तो समोरच्या पार्टीचाच माणूस वाटणार. मला कोणी केला असता तर मलाही तसंच वाटलं असतं.

आणि फोन नंबर. कोर्टाच्या साइटवर केस नंबर, पक्षकारांची नावं, तारखा फुकट दिसतात, सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की झालं. पक्षकाराचा मोबाइल नंबर तिथे नसतो. मग यादीत आला कुठून? दुसऱ्या कुठल्यातरी गठ्ठ्यातून नावाला नाव जुळवून. मुंबईत नावावरून माणूस शोधायचा म्हणजे लालबागला उतरून ‘सावंत कुठे राहतात हो’ विचारण्यातला प्रकार.

आता लालबागचेच काका. यादीत त्यांच्या नावापुढे सिटी सिव्हिल कोर्टातला एक दावा होता. फोन केला तर म्हणाले, ‘सिटी सिव्हिलला माझं काही नाही. माझा हायकोर्टात होता,’ आणि ठेवून दिला. मी चमकलो. कारण तेव्हाची स्थिती मला माहीत होती: २०१२ पर्यंत मुंबईत ५० हजारांवरचा दावा सिटी सिव्हिलला चालायचाच नाही, थेट हायकोर्टात लावायचा. मग मर्यादा १ कोटी झाली, आता तर १० कोटी आहे. म्हणजे या काकांचा खरंच काहीतरी दावा होता, आणि तो यादीतला नव्हता. यादीतला वादी त्यांच्या नावाचा दुसराच कोणी. पुन्हा फोन केला, माफी मागितली, कोणाकडे किती वर्षं काम केलं ते सांगितलं. म्हणाले, ‘या संध्याकाळी.’

चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. काकांनी कपाटावरून जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी काढली, बारा-तेरा वर्षांची असतील, आणि तिच्या आतून हुकूमनाम्याची, म्हणजे पैसे द्यायला सांगणाऱ्या कोर्टाच्या आदेशाची, नक्कल. कडा चहाच्या रंगाच्या झालेल्या, घड्यांवर सेलोटेप. फरसाणवाल्याला पुठ्ठ्याचे खोके पुरवायचे ते. नोव्हेंबर २००७ चा हुकूमनामा, ३ लाख ४० हजार आणि ९ टक्के सरळ व्याज. एकेक कालनिर्णय उलगडला तर प्रत्येक नोव्हेंबरच्या पानावर त्या तारखेच्या चौकोनात निळ्या पेनाने आकडा: १, २, ३... शेवटचा ११. शेजारी काही नाही, नुसता आकडा. २०१९ चं भिंतीवर टांगलेलं होतं, त्यावर चौकोन रिकामा. ‘बारा झाले की संपतं ना?’ एवढंच त्यांनी विचारलं.

संपतं. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला बारा वर्षं. आम्ही ऑगस्टमध्ये बसलो होतो.

फरसाणवाल्याचं दुकान आता मुलाच्या नावावर होतं. काका त्याला रोज सकाळी बघत होते, पण त्याच्या स्वतःच्या नावावर काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. एका टेम्पोवाल्याने सांगितलं, माल घोडपदेवच्या एका गाळ्यात उतरतो. मी त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गेलो. आत जायची गरजच पडली नाही. जिन्याखाली सोसायटीचा फळा होता, मेंटेनन्स थकवलेल्या सभासदांची नावं खडूने लिहिलेली. गाळा नंबर, पूर्ण नाव, थकबाकी. त्यात फरसाणवाला. महाशयांनी सोसायटीचेही दिले नव्हते! मी फळ्याचा फोटो काढला आणि तिथेच पायरीवर बसलो जरा वेळ.

ऑक्टोबरात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल. हुकूमनामा दोन वर्षांहून जुना असला की आधी देणेकऱ्याला नोटीस काढावी लागते, म्हणजे त्याला सावध करूनच पुढे जायचं. आम्ही गाळ्याचं नाव अर्जातच घातलं होतं, शिवाय मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. मग लॉकडाऊन. मग २०२१ मध्ये गाळ्याच्या जप्तीपर्यंत गोष्ट गेल्यावर ते तडजोडीला आले, ५ लाख २५ हजार. एव्हाना व्याज मुद्दलाच्या पुढे गेलेलं होतं, काकांनी बरंच सोडलं. पैसे कोर्टाबाहेर घेतले तरी कोर्टात नोंदवून घ्या, नाहीतर कोर्टाच्या लेखी ते दिलेलेच नाहीत. दोन्ही बाजूंना उगाच घोळ.

साडूचं म्हणणं: ‘काका यादीतूनच आले ना?’ आजही तेच म्हणतो, परवा मुंजीत पण म्हणाला. अरे बाबा, यादीतला माणूस वेगळा, दावा वेगळा, कोर्ट वेगळं. २,८०० मध्ये एक चुकीचा नंबर बरोबर माणसाला लागला, त्याला यादी चालली म्हणायचं का? बाकी यादीतून आम्हाला एकही काम मिळालं नाही. तो म्हणतो मी दीडशे फोनांनंतर कंटाळलो म्हणून. कंटाळलो होतो, खरंय. पण उरलेल्या साडेसव्वीसशे फोनांनी घोडपदेवचा फळा सापडला नसता.

तुम्ही बहुतेक अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेत. तिथे निकालांच्या नोंदी घेऊन जिंकलेल्यांना गाठायचा धंदा चालतो. इंग्लंडात तर पैशाच्या निकालांची वेगळी नोंदवही आहे, नोंद सहा वर्षं राहते. आपल्याकडे तसं काही नाही. सुप्रीम कोर्टासमोर २०२५ मध्ये देशभरातल्या तुंबलेल्या दरखास्तींचा आकडा आला, ८ लाख ८२ हजारांवर. तो वाचून ‘केवढं मार्केट’ असं वाटलं असेल तर त्याच रांगेत तुमचीही दरखास्त उभी राहणार आहे. हुकूमनामा मिळाल्यावरच पक्षकाराचे खरे हाल सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, १८७२ सालीच म्हणून ठेवलंय.

मग काम कुठून? वकिलांच्या कारकुनांकडून. प्रत्येक जुन्या वकिलाच्या माळ्यावर अशा फायली असतात ज्यांचा पक्षकार निकालाची नक्कल घेऊन गेला आणि परत आला नाही. कारकून पक्षकाराला स्वतः फोन करेल, तुम्ही नाही. पाच फायली घ्या. तारीख बघा, अपील किंवा स्थगिती आहे का बघा, मग देणेकऱ्याच्या स्वतःच्या नावावर काही आहे का. काहीच नसेल तर फाइल परत करा. नुसता गरीब आहे म्हणून देणेकऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, हे १९८० पासून ठरलेलं आहे. पीएफला हात लावता येत नाही.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. टक्केवारीवर काम तुम्ही घेऊ शकता, तुमचे वकील नाही; त्यांची फी ठरलेली ठेवा आणि त्यांच्या नावाने कोणाला फोन करू नका, वकिलाला असं काम मागत फिरता येत नाही. डीएनडीवरच्या, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत असं नोंदवलेल्या, नंबरांना धंद्याचे फोन केलेत तर तक्रार होईल. आणि तो नंबरांचा रकाना: कोर्टाची नोंद जाहीर आहे, नंबर नाही. २०२३ च्या डेटा कायद्यानंतर तो कुठून आणला हे तुम्हालाच विचारतील, विकणाऱ्याला शोधत बसणार नाहीत. देणेकऱ्याच्या दारात चार पोरं घेऊन उभं राहायचा विचार असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही.

तरीही यादी बघायचीच असेल तर माझी २,८०० नावांची फाइल पेनड्राइव्हवर अजून आहे. साडूला मागितलीत तर त्याला सांगा, सहा हजार यायचेत. तीन वर्षांची मुदत कधीच उलटली, त्यामुळे मागणी फक्त तोंडी आहे.